दुर्लक्ष नक्की कुणाचं? माझ्याच पहिल्या सिनॉप्सिसची चिरफाड



मागच्या दोन लेखांत आपण चल आणि गृहीतकं पाहिली. आज एका सिनॉप्सिसची चिरफाड करू. दुसऱ्या कुणाच्या कशाला, माझ्याच. पेट पास झाल्यावर मी गाइडसमोर जो पहिला आराखडा ठेवला, त्याचं शीर्षक होतं: ‘दुर्गम ग्रामीण कुटुंबांतील बालकांकडे होणारे दुर्लक्ष व बालविवाह यांतील सहसंबंध : सातारा व सांगली जिल्ह्यांचा अभ्यास’. सांख्यिकीत एम.एस्सी. केलेल्या मुलीच्या शीर्षकात ‘सहसंबंध’ आला की तिला अर्धी पीएच.डी. झाल्यासारखं वाटतं. मलाही वाटलं होतं.

आज ते वाचताना लाज वाटते, पण मी ते जपून ठेवलंय. कारण सेट-नेटची तयारी करणारी मंडळी आपापले आराखडे दाखवतात, तेव्हा हाच साचा वारंवार दिसतो. गाव बदलतं, जिल्हा बदलतो, साचा तोच.

सुरुवात ‘दुर्लक्ष’ या शब्दापासून करू, सगळा घोळ तिथेच आहे. माझ्या आराखड्यात दुर्लक्ष हा स्वतंत्र चल होता आणि बालविवाह हा परतंत्र. म्हणजे आईबाप लक्ष देत नाहीत म्हणून मुलीचं लग्न लवकर लागतं, हे मी एकही घर न पाहता ठरवून टाकलं होतं. व्याख्या एका जुन्या प्रबंधातून घेतली. आरोग्य, शिक्षण, आहार, भावनिक वाढ, निवारा आणि सुरक्षितता या मुलाच्या गरजा पालकांनी पुरवल्या नाहीत, की ते दुर्लक्ष. वाचायला ठीक वाटते ना? मूळ व्याख्या जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ साली बोलावलेल्या तज्ज्ञांच्या बैठकीतली आहे. मी ती बऱ्याच उशिरा शोधून वाचली. त्यात आणखी एक अट आहे: कुटुंबाला वाजवीपणे उपलब्ध असलेल्या साधनांच्या संदर्भात. प्रबंधात ही अट गळली होती. त्या प्रबंधाने ती कुठून घेतली देव जाणे, पण पुढे माझ्याही आराखड्यात ती नव्हती.

ही अट काढली की काय होतं बघा. ज्या घरात पैसा नाही, वेळ नाही, पक्कं छप्पर नाही, ते घर व्याख्येनेच ‘दुर्लक्ष करणारं’ ठरतं. मी वीस विधानांची मापनश्रेणी केली होती. मूल रोज शाळेत जातं का? लसी पूर्ण आहेत का? आईवडील कामावर गेल्यावर घरात मोठं माणूस असतं का? अशा विधानांवर जे गुण पडतात, ते आईबापांच्या वृत्तीचे नसतात, बहुतेक गरिबीचेच असतात. मग दुर्लक्ष आणि बालविवाह यांत भक्कम सहसंबंध निघाला असता, पी-मूल्यही झकास आलं असतं, आणि मी गरिबीला दुर्लक्ष असं नाव देऊन पदवी घेतली असती.

गंमत म्हणजे कायदासुद्धा माझ्यापेक्षा सावध आहे. बाल न्याय अधिनियम २०१५ च्या कलम ७५ मध्ये मुलाकडे ‘जाणूनबुजून’ केलेलं दुर्लक्ष हा गुन्हा आहे. आणि आपल्या हाताबाहेरच्या परिस्थितीमुळे जन्मदात्यांनी मूल सोडलं असेल, तर ते जाणूनबुजून केलेलं मानू नये, असं परंतुक त्याच कलमात आहे. फौजदारी कायदा जो भेद करतो, तो माझ्या प्रश्नावलीत नव्हता.

आता एक मोठा अभ्यास घेऊ, कारण या विषयावरच्या प्रत्येक आराखड्यात तो असतोच. केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाचा २००७ चा बाल अत्याचारांवरचा अहवाल. तेरा राज्यं, १२,४४७ मुलं, आणि महाराष्ट्रही त्यात आहे. एवढ्या मोठ्या प्रमाणावर थेट मुलांना विचारणं हे तेव्हा मोठंच काम होतं, ते मान्य करूनच पुढचं बोलते. या अहवालातला एक आकडा सगळीकडे फिरतो: ७०.५७ टक्के मुलींनी कुटुंबाकडून कोणत्या ना कोणत्या प्रकारचं दुर्लक्ष झाल्याचं सांगितलं. दोन दशांश स्थळांपर्यंत! पहिली तक्रार त्या दशांशांची. नमुना पाच गटांतून हेतुपूर्वक घेतलेला होता: कुटुंबात राहणारी, शाळेत जाणारी, काम करणारी, रस्त्यावरची आणि संस्थांमधली मुलं. असा नमुना काय काय घडतं हे दाखवायला उत्तम. पण त्यातली टक्केवारी उचलून ‘भारतातल्या ७० टक्के मुली’ असं लिहिलं, की आपण त्या अहवालावरच अन्याय करतो.

दुसरी तक्रार मला जास्त महत्त्वाची वाटते. मुलींकडे होणारं दुर्लक्ष मोजताना भावाच्या तुलनेत मिळणारं लक्ष आणि जेवणातला वाटा यांबरोबर धाकट्या भावंडांचा सांभाळ हाही एक घटक धरला होता. लहान वयात भावंडं सांभाळावी लागणं म्हणजे मुलीचं बालपण हिरावणं, हे खरंच. पण त्याच घरात ती दहा वर्षांची मुलगी आहे म्हणूनच दीड वर्षाच्या बाळाकडे दुर्लक्ष होत नाहीये! एकाच कृतीला एका मुलाच्या खात्यात दुर्लक्ष आणि दुसऱ्याच्या खात्यात काळजी म्हणायचं का? घर हे एकक धरलं तर एक उत्तर, मूल हे एकक धरलं तर दुसरं. आपल्यापैकी किती जण आराखड्यात विश्लेषणाचं एकक स्पष्ट लिहितात? मी लिहिलं नव्हतं.

साताऱ्याचं एक उदाहरण इथे द्यायलाच हवं. ‘नकुशा’, ‘नकोशी’ ही नावं तुम्ही ऐकली असतील. जिल्ह्यात अशा नावाच्या मुली शोधून काढल्या गेल्या आणि २२ ऑक्टोबर २०११ रोजी साताऱ्यात झालेल्या कार्यक्रमात २८५ मुलींनी नवीन नावं घेतली. संशोधक म्हणून मला त्यातली मोजणी भारी वाटते. आईबापांना ‘तुम्ही मुलीकडे दुर्लक्ष करता का?’ असं विचारलं तर कोण हो म्हणेल? नाव मात्र हजेरीपटावर उघडं लिहिलेलं असतं. न विचारता मिळणारा पुरावा. पण हा पुरावा कशाचा? असं नाव ठेवलं की पुढचा मुलगा होतो, ही समजूत त्यामागे असते. म्हणजे नावातून मुलग्याची आस नक्की मोजली जाते. त्या मुलीला दूध कमी मिळालं की नाही, शाळा सुटली की नाही, हे नाव सांगत नाही. आणि ज्या मुलीचं नाव छान लक्ष्मी आहे तिचं काय, हेही सांगत नाही. २००१ च्या जनगणनेत शून्य ते सहा वयोगटात हजार मुलग्यांमागे साताऱ्यात ८७८ आणि सांगलीत ८५१ मुली होत्या. ज्या जन्मल्याच नाहीत, त्यांना कुणी नावंही ठेवली नाहीत.

आता ‘दुर्गम’. हा शब्द मी किलोमीटरमध्ये मोजला होता. प्राथमिक आरोग्य केंद्र किती दूर, एसटीचा थांबा किती दूर, माध्यमिक शाळा किती दूर. साहजिकच पाटण, जावळी, महाबळेश्वर, शिराळा हे डोंगरी तालुके निवडले गेले. तिथल्या वाड्यावस्त्यांवर अंतर खरंच आहे. कोयनेच्या जलाशयापलीकडच्या वाडीतल्या मुलीला सातवीनंतर किंवा दहावीनंतर शिकायचं तर वसतिगृह हवं, नाहीतर नातेवाईक हवेत. शाळा सुटली की ‘आता घरी बसून काय करायचं’ हा प्रश्न लग्नाच्या दिशेने सरकायला वेळ लागत नाही. तो भाग चुकीचा नव्हता.

चूक लक्षात आली ती कराडजवळ, आणि तीही योगायोगाने. पाटणहून परत येताना एसटी बंद पडली, म्हणून चालत निघाले. डांबरी रस्त्याला लागूनच्या रिकाम्या रानात पंधरा-वीस कोप्या होत्या. पाचटाच्या, वर निळं प्लास्टिक. मागे कारखान्याची चिमणी दिसत होती. दुपारची वेळ, मोठं माणूस एकही नाही. अकरा-बारा वर्षांची एक मुलगी कडेवर भाऊ घेऊन चुलीपाशी बसली होती. तिला विचारलं, शाळेत जातेस का? म्हणाली, “गावाकडं जाते की. सहावीला.” गाव बीड जिल्ह्यातलं. इथे येऊन अडीच महिने झाले होते. माझ्या दुर्गमता निर्देशांकावर या कोपीला शून्य गुण मिळाले असते: हमरस्ता दोनशे मीटर, शाळा अर्धा किलोमीटर, दवाखाना चालत दहा मिनिटं.

आणि तरीही मी पाहिलेल्या सगळ्या घरांत सगळ्यात तुटलेलं घर तेच होतं. कोणत्याच वहीत ते नव्हतं. इथल्या अंगणवाडीच्या यादीत त्या बाळाचं नाव नाही, कारण ते बीडचं. बीडच्या अंगणवाडीत ते हजर नाही, कारण ते इथे. मुलीचं नाव तिकडच्या शाळेत दाखल, हजेरी दिवाळीनंतर कोरी. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे, त्यामुळे तिला शेजारच्या शाळेत बसवता येतं, कागदावर. पण ती शाळेत बसली तर बाळ कुणाजवळ?

ज्यांना ऊसतोड माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. इथे ‘कोयता’ म्हणजे अवजार नव्हे, माणसं. नवरा-बायकोची जोडी मिळून एक कोयता. हंगामाच्या आधी मुकादम जी आगाऊ रक्कम देतो ती उचल, आणि ती कोयत्यावर मिळते. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. जोडी पहाटे अंधारात फडात जाते. एक तोडतो, दुसरी मोळ्या बांधते, मग दोघं मिळून भरतात. मजुरी टनावर. एक दिवस पडला की खाडा, आणि उचल तर फेडायचीच असते. हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मार्च-एप्रिलपर्यंत. फड संपला की टोळी पुढच्या शिवारात. कृष्णाकाठच्या कराड, वाळवा, पलूस या भागांत बीडसारख्या दुष्काळी भागांतून टोळ्या येतात. आपल्याच जतसारख्या कोरड्या तालुक्यातली माणसंही तोडीला जातात.

यात लग्नाचा हिशेब सरळ बसतो. मुलगा एकोणीसचा असेल तर तो अर्धा कोयता. लग्न झालं की पुरा कोयता, म्हणजे पुरी उचल. मुलीच्या बाजूने हिशेब वेगळा आहे. त्या कोप्यांवर संध्याकाळी परत गेले, तेव्हा एका बाईंना विचारलं, लेक मोठी व्हायला लागली की काय करता? त्या भाकरी थापत होत्या, हात थांबला नाही. म्हणाल्या, “ताई, गावाकडं ठिवावं तर कुनापाशी? म्हातारीला दिसत न्हाई. हितं ठिवावं तर आमी दिसभर फडात. तुमीच सांगा, कुटं ठिवू?” मी काय सांगणार होते? माझ्या हातात वीस विधानांची मापनश्रेणी होती. त्यातलं सातवं विधान: ‘कामावर जाताना मुलीच्या सुरक्षिततेची व्यवस्था केली जाते.’ पर्याय: नेहमी, कधीकधी, कधीच नाही.

तिथे माझा बाण उलटा झाला. म्हणजे उलटाही नाही, तिसऱ्याच जागेतून दोन बाण निघाले. मूल एकटं राहणं आणि मुलीचं लवकर लग्न या दोन्ही गोष्टी एकाच कारणातून येतात: उचलीवर आणि जोडीवर चालणारं, सहा महिने घर हलवणारं काम. अशा कारणाला आपण संभ्रमक चल म्हणतो. त्याला प्रश्नावलीत जागा दिली नाही, तर उरलेल्या दोन गोष्टी एकमेकींची कारणं आहेत असा भास होतो. शिवाय दुसऱ्या पिढीत एक बाण मागेही वळतो. सोळाव्या वर्षी लग्न होऊन सतराव्या वर्षी फडाच्या बांधावर बाळ निजवणारी आई माझ्या श्रेणीवर ‘दुर्लक्ष करणारी पालक’ म्हणून नोंदली जाते. कायद्याने ती स्वतःच अजून मूल असते.

इथे एक ब्रेक लावते. ऊसतोड करणाऱ्या सगळ्या घरांत हे होतं असं नाही, आणि या दोन जिल्ह्यांतले सगळे बालविवाह ऊसतोडीमुळे होतात असं तर मुळीच नाही. डोंगरी वाडीचं कारण वेगळं, ते वर सांगितलं. हे माझं गृहीतक आहे, निष्कर्ष नाही.

“पण मॅडम, जिल्हावार आकडे आहेत की, ते वापरा.” हे मला दर चर्चासत्रात कुणीतरी सांगतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची पाचवी फेरी. वीस ते चोवीस वयाच्या स्त्रियांपैकी किती जणींचं लग्न अठराच्या आत झालं, हा त्यातला निर्देशक. महाराष्ट्रात चौथ्या फेरीत, म्हणजे २०१५-१६ ला, तो २६.३ टक्के होता, पाचव्या फेरीत २१.९. परभणी ४८, बीड ४३.७. हे आकडे मीही वापरते. मात्र वापरण्याआधी तीन गोष्टी तपासून बघा.

एक, काळ. महाराष्ट्रातलं काम पाचव्या फेरीच्या पहिल्या टप्प्यात, २०१९ च्या जूननंतर, कोविडच्या आधी उरकलं. तेव्हा वीस ते चोवीस वयाच्या असलेल्या स्त्रियांनी अठरा पूर्ण केली ती साधारण २०१२ ते २०१७ या काळात. म्हणजे हा आकडा त्या वर्षांबद्दल बोलतो. त्यावरून ‘लॉकडाउनमध्ये बालविवाह वाढले’ किंवा ‘घटले’ असं काहीही म्हणता येत नाही. मी हे वाक्य दोन प्रकाशित शोधनिबंधांत वाचलंय, आणि समीक्षकांनी ते कसं सोडलं याचं मला अजून कोडं आहे.

दोन, नमुना. राज्यात ३३,७५५ स्त्रियांच्या मुलाखती झाल्या, जिल्हे ३६. सरासरी काढा, जिल्ह्याला ९३८ च्या आसपास येतात. पंधरा ते एकोणपन्नास या वयोगटातल्या वीस ते चोवीसच्या साधारण एक षष्ठांश धरल्या, तर जिल्ह्यात दीडशेच्या आगेमागे. आता कागद घ्या. प्रमाण ०.२२, नमुना १५०. प्रमाण त्रुटी येते ०.०३४. तिला १.९६ ने गुणलं की सुमारे ६.६ टक्के बिंदू, दोन्ही बाजूंना. आणि हे साध्या यादृच्छिक नमुन्याचं गणित आहे, समूह नमुन्यात अंतर आणखी वाढतं. म्हणजे एका जिल्ह्यात २० आणि शेजारी २५ असेल, तर ‘शेजारचा जिल्हा मागे’ असं लिहिताना हात थरथरला पाहिजे. बीड आणि राज्य यांतला फरक मात्र एवढ्याने पुसला जात नाही, तो मोठा आहे.

तीन, जागा, आणि माझ्या कामासाठी हीच कळीची. सर्वेक्षण घरांच्या यादीवर चालतं. आधी यादी, मग निवड, मग मुलाखत. काही आठवड्यांनी शिवार बदलणारी टोळी कराड-वाळव्याच्या यादीतून निसटण्याची शक्यता मोठी. पावसाळ्यात ती आपल्या गावी असते, तिथे कदाचित सापडते, आणि मग तिचं लग्न बीडच्या खात्यात जमा होतं. बीडच्या पोरीचं लग्न बीडच्या खात्यात हे बरोबरच आहे. पण जोडीची मागणी जिथून येते तो कृष्णाकाठ त्या तक्त्यात कोराच राहतो. मी सातारा आणि सांगलीचे आकडे घेऊन बसले असते, तर या दोन जिल्ह्यांचा या लग्नांशी संबंध नाही असंच दिसलं असतं.

कायदा मोजमापात कसा शिरतो, तेही पाहू. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१७ मध्ये ‘इंडिपेंडंट थॉट’ प्रकरणात निकाल दिला, की अठरा वर्षांखालच्या पत्नीशी शरीरसंबंध हाही बलात्कारच. निकाल योग्यच आहे. पण त्यानंतर ‘लग्न कितव्या वर्षी झालं?’ या प्रश्नाला घाईघाईने ‘अठरा पूर्ण’ असं उत्तर येण्याची शक्यता वाढते, हेही संशोधकाने गृहीत धरायला हवं. मला तर काही घरी प्रश्न संपायच्या आत उत्तर मिळालंय. म्हणून आता मी वय थेट विचारत नाही. शाळा कोणत्या इयत्तेत सुटली, शाळा सोडल्याचा दाखला आहे का, पहिलं बाळ कोणत्या हंगामात झालं, तेव्हा कोणत्या कारखान्यावर होतात, हे विचारते. कारखाने आणि हंगाम लोकांना पक्के आठवतात. त्यावरून वर्ष काढते.

आता जे लिहायचं मी टाळत होते ते. जानेवारीतली दुसरी फेरी. त्याच टोळीतल्या एका बाईंनी सहज सांगितलं, थोरलीचं लग्न जमलंय, पाडव्याच्या सुमाराला. मुलगी पंधराची. माझ्या प्रश्नावलीत ‘मुलीचं लग्न ठरलं आहे का?’ हा चौतिसावा प्रश्न होता. मी ‘होय’ला खूण केली आणि पस्तिसाव्याकडे वळले. खरंच वळले. रात्री नोंदी लिहिताना अंगावर आलं. बाल न्याय अधिनियमात लग्नाचा धोका समोर असलेलं मूल हे ‘काळजी व संरक्षणाची गरज असलेलं बालक’ आहे. बालविवाह प्रतिबंधक कायदा २००६ चा आहे, आणि आपल्याकडे गावात ग्रामसेवक हा प्रतिबंध अधिकारी असतो. कुठल्या गावाचा ग्रामसेवक पण? तिच्या, की ज्या रानात कोपी आहे त्या? आणि संमतीपत्रावर मी छापून दिलं होतं, की ही माहिती कोणत्याही परिस्थितीत कुणालाही दिली जाणार नाही. ते वाक्य कुठल्याशा नमुन्यातून जसंच्या तसं आलं होतं.

गाइडना फोन केला. त्या म्हणाल्या, आधी मूल, मग फॉर्म. उद्या १०९८ ला फोन कर. मला वाटलं, आधी त्या बाईंना जाऊन सांगावं, त्यांच्यामागे काही करू नये. सकाळी एसटीने पोचले तर रान मोकळं. चुलीची दगडं आणि पाचट. फड संपला होता, टोळी रात्रीच हलली होती. तिथूनच फोन लावला. पलीकडच्या बाईंनी शांतपणे विचारलं: मुलीचं नाव? आडनाव? मूळ गाव? माझ्या फॉर्मवर गोपनीयतेसाठी नावं घेतलेलीच नव्हती. होता तो फक्त क्रमांक, क-१७. तालुका आणि बोलण्यात आलेलं मुकादमाचं गाव, एवढं सांगता आलं. त्यांनी ते लिहून घेतलं.

त्यानंतर संमतीपत्रातलं ते वाक्य बदललं. आता तिथे लिहिलेलं असतं, आणि मी ते वाचूनही दाखवते, की मुलाच्या जिवाला किंवा सुरक्षिततेला धोका दिसला, किंवा अठराच्या आत लग्न ठरल्याचं कळलं, तर मला ते सांगावं लागेल. हे ऐकल्यावर काही घरं बोलायचं थांबतात. चौतिसाव्या प्रश्नाला ‘होय’ जवळजवळ येतच नाही. माझी आकडेवारी त्यामुळे कमजोर झाली, आणि प्रबंधाच्या मर्यादांमध्ये हे मी स्पष्ट लिहिणार आहे. नावं आणि मूळ गाव यांची वेगळी यादी आता असते, कुलूपबंद, क्रमांकाशी जोडलेली.

शीर्षकातून ‘दुर्लक्ष’ गेलं, ‘दुर्गम’ही गेलं. ‘सातारा व सांगली’ मात्र ठेवलंय, काम करण्याचं ठिकाण म्हणून, मुलींचा जिल्हा म्हणून नव्हे. आरआरसीत एका तज्ज्ञांनी विचारलं, मग तुमचं मोजमाप काय? मी म्हटलं, दिवसातले तास. मूल मोठ्या माणसाशिवाय किती तास असतं, आणि त्या वेळी आईबाप कोणाच्या कामावर असतात. ते म्हणाले, हे फारच साधं आहे. असेल. या हंगामात तीन शिवारांत तासांच्या नोंदी घेतेय, घड्याळ आणि वही घेऊन, पहाटे चारपासून.

पुढच्या लेखात संमतीपत्राचा मसुदा घेऊ, कलम धरून. तुमच्या विद्यापीठातून मिळालेला नमुना तोवर शोधून ठेवा, आणि त्यात ‘कोणत्याही परिस्थितीत’ हे शब्द आहेत का तेवढं पाहा.